चाळिशीनंतर गड्यांनी नेमक्या कुठल्या टेस्ट करायच्या? ८० टेस्टच्या पॅकेजनं डोकं फिरूलालंय

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मी बेळगावात वडगावचा, उद्यमबागेत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कामाला, वय ४३. त्रास म्हणाल तर आता काही नाही, पोट तेवढं सुटलंय, सेकंड शिफ्टला तंबाखू जरा जास्त होते, शनिवारी मित्रांत बसलो तर थोडी घेतो, ती पण चोर्ला घाटातनं गोव्याची कोण घेऊन आला तर. घरातली मागं लागलीय की चाळिशी झाली आता सगळं चेक करून घ्या, आणि परवा पेपरातनं एक पत्रक आलं, फुल बॉडी चेकअप, ८० च्या वर टेस्ट, निम्म्या किमतीत, घरी येऊन रक्त नेणार. त्यात थायरॉईड आहे, व्हिटॅमिन आहे, लिव्हर आहे, कॅन्सर मार्कर म्हणून पण काहीतरी लिहिलंय. मेव्हणा म्हणतो ते सगळं सोड, एक ईसीजी काढ, चांगला आला की हार्ट ओके. कंपनीतला एकजण म्हणतो ट्रेडमिल टेस्ट (पळवून हार्ट बघतात ती) कर.

पैसे वाचवायचे म्हणून विचारूलालो नाही, पण ८० आकडे हातात घेऊन मी करू काय, त्यातले पाच-सहा ठळक अक्षरात आले की घरात सगळ्यांची झोप जायची. नेमकं काय करायचं, कुठल्या वयापासनं, किती वर्षांनी, आणि यातलं सरकारी दवाखान्यात काही होतंय काय? आणखी एक, बाबा गावाकडं असतात खानापूर भागात, वय ६८, जन्मभर बिडी ओढली, आता सोडली म्हणतात (मला खरं वाटत नाही). त्यांचं पण काय करायचं असेल तर सांगा.

कॅम्पातला

कशाला बे एवढं टेन्शन, सकाळी किल्ला तळ्याला दोन चकरा मार आणि रात्रीचं मटण कमी कर, सगळं नॉर्मल येतंय. डॉक्टरकडं गेलास की काहीतरी काढणारच ते. आमचे आजोबा ९० वर्षं जगले, सुई कशी असते बघितली नाही.

पीएचसीतली अक्का

कॅम्पातले भाऊ, आजोबा ९० जगले ते सगळे सांगतात, आजोबांचे भाऊ ५० ला कशानं गेले ते कुणी सांगत नाही, कारण तपासलंच नव्हतं तर कळणार कुठनं. चालायला जा, त्याला कोण नको म्हणतंय, पण बीपी चालून दिसत नाही, ते मोजावंच लागतं.

उद्यमबागवाले, मी खानापूर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम आहे, २०१० पासनं चालू आहे, आता त्यात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी धरलीय. पुरुषांसाठी त्यात तीनच गोष्टी आहेत, बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी. बीपी-शुगर दर वर्षी, तोंड पाच वर्षांनी एकदा, पण तुमच्यासारख्या तंबाखूवाल्यानं पाच वर्षं थांबू नये असं मी म्हणेन, वर्षातनं एकदा दाखवत जा. हे सगळं फुकट होतं, पीएचसीत पण आणि उपकेंद्रात पण, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. गावात आशा ताई येतात, एक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर किती, व्यायाम किती, घरात कुणाला बीपी-शुगर-हार्ट आहे काय असे प्रश्न असतात आणि त्याचे मार्क पडतात. ४ च्या वर मार्क गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. कंबर मोजताना पुरुष इतका श्वास आत ओढून धरतात की टेपच खाली घसरते, आमची आशा सांगत होती, सरपंचांनी तर शर्टावरनंच मोज म्हणून सांगितलं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. पँटचा नंबर सांगू नका, पँट सगळे पोटाच्या खाली घालतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची.

बीपी कसं मोजायचं ते पण सांगते कारण निम्म्या वेळेला चुकीचंच मोजलेलं असतं. जिना चढून आला, चहा झाला, तोंडात तंबाखूची गोळी, आणि लगेच हात पुढं केला तर वाढलेलंच दिसणार. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना गप्पा नाहीत. दोनदा मोजायचं. १४०/९० किंवा वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं तर ते बीपी आहे म्हणून धरतात. घरी मशीन घेणार असाल तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको, आणि घरी मोजलेलं १३५/८५ च्या आत पाहिजे.

शुगर उपाशीपोटी १०० च्या आत असली तर छान, १०० ते १२५ म्हणजे काठावर आलाय, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटिस, पण त्रास काही नसेल तर दुसऱ्यांदा तपासून नक्की करतात. तीन महिन्यांची सरासरी बघायची एचबीएवनसी टेस्ट असते, त्याला उपाशी राहावं लागत नाही, ६.५ किंवा वर डायबेटिस. फक्त अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा फसवतो, तेवढं डॉक्टरला सांगा.

लॅबमधला

अक्कांनी बरोबर सांगितलं. मी बेळगावातच एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे (नाव विचारू नका, नोकरी जाईल 😄). पॅकेजचं गणित सांगतो. ८० टेस्ट म्हणजे ८० वेगळे तपास नसतात. सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची) ही एकच टेस्ट, त्यातनंच वीसेक आकडे निघतात, ते वीस धरले. लिव्हर प्रोफाइलचे दहा-बारा, किडनीचे तेवढेच, युरिनचे रंग-वास धरून पंधरा, इथंच साठीच्या जवळ आलं, उरलेले थायरॉईड, व्हिटॅमिन असले धरून ८० करतात. मशीनमधनं ते आपोआपच येतंय.

आणि आता गंमत बघा, एवढ्या पॅकेजात बीपी नाही, तोंड कुणी उघडून बघत नाही, कंबर कुणी मोजत नाही, कारण घरी येणारा पोरगा फक्त रक्त आणि लघवी घेऊन जातो. आपल्या भागात चाळिशीतल्या गड्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे तेच त्यात नाही. ताटभर वाट्या मांडल्यात आणि भाकरीच नाही, तसं आहे ते.

तुम्ही ४३ चे, पोट सुटलेलं, तंबाखू. मी तुमच्या जागी असतो तर एवढंच केलं असतं: उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीसाठी), साधी युरिन, आणि दारू घेत असाल तर एसजीपीटी-एसजीओटी (लिव्हरसाठी). हे वेगवेगळं सांगून केलं तरी पॅकेजपेक्षा महाग पडत नाही, विचारून बघा. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात 'नॉर्मल रेंज' छापलेली असते तिच्यावर जास्त जाऊ नका, एकाच आकड्याला तंबाखू खाणाऱ्या, बीपी असलेल्या माणसाला गोळी लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, ते डॉक्टर वय-बीपी-शुगर-तंबाखू सगळं एकत्र धरून ठरवतात. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर गेलं तर मात्र बाकी काही का असेना, दाखवायलाच पाहिजे.

कॅन्सर मार्करचं स्पष्ट सांगतो. सीईए, सीए १९-९ असली नावं असतात. ती टेस्ट कॅन्सर झालेल्या माणसाची ट्रीटमेंट कशी चाललीय ते बघायला आहे. काही त्रास नसलेल्या माणसात कॅन्सर शोधायला तिचा उपयोग नाही. सीईए बिडी ओढणाऱ्यात नुसतंच थोडं वाढलेलं असतं. मग तो माणूस सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी करत फिरतो आणि शेवटी काहीच निघत नाही, तोपर्यंत घरच्यांनी कुलदैवताला नवस बोललेला असतो. कॅन्सर झालेला असून मार्कर नॉर्मल येणारे पण असतात, ते त्याहून वाईट.

निपाणीकर

तोंडाच्या तपासणीवर मी लिहितो कारण आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात ज्याच्या घरात तंबाखू नाही असं घर शोधावं लागतं. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, बायका घरात बिड्या वळणार. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी केवढं आंदोलन झालं होतं इथं, आमचे वडील त्यात होते. त्यामुळे तंबाखूला नावं ठेवायला आमची जीभ लवकर उचलत नाही, पोट त्याच्यावर चाललंय. पण तेवढ्यासाठी तोंड दाखवायचं नाही असं कुठं आहे?

कर्नाटकात गुटखा २०१३ पासनं बंद आहे म्हणतात, पानपट्टीवर जाऊन बघा किती बंद आहे ते, सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी, दोन्ही हातावर मिसळली की झालं काम.

तपासणी अशी असते. डेंटिस्ट किंवा डॉक्टर टॉर्च लावतात, गालाची आतली बाजू बाहेर ओढून बघतात, जीभ वर करायला लावून खालची बाजू, हिरड्यांच्या बाहेरची खोबण जिथं तुम्ही गोळी ठेवता ती, आणि टाळू. मग मानेला हात लावून गाठ आहे काय बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम, दुखत नाही काही नाही. घरी आरशात पण बघता येतं. पुसला तरी न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (लाल जास्त वाईट), दोन आठवड्यांत न भरलेली जखम, आमटी नेहमीचीच पण तिखट एकदम झोंबायला लागलं, आणि तोंड उघडणं कमी होणं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात काय बघा. दोनच जात असतील तर सुपारी-गुटख्यानं आतली कातडी आखडायला लागलीय. तिथं थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

आणि हे काही उगाच नाही हो, केरळात त्रिवेंद्रमला हजारो लोकांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला होता, साध्या शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन टॉर्च लावून तोंडं बघितली, आणि तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी झालं. २००५ ला छापून आलंय ते. त्यात ना रक्त काढलं ना कुठलं मशीन वापरलं.

सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे. माझा धाकटा भाऊ त्याच्यावर बोलून बोलून सोडलाय. (एकदा परत धरली होती, परत सोडली.)

उद्यमबागवाला

बापरे, एवढं सविस्तर कोण सांगत नाही, आभारी आहे सगळ्यांचा. आताच बाथरूममध्ये जाऊन बोटं घालून बघितलो, तीन जातात 😅 बायको बाहेरनं विचारूलालीय काय चाललंय म्हणून.

ईसीजीचं कोणी बोललं नाही. कन्नड नट पुनीत राजकुमार अटॅकनं गेला तेव्हापासनं आमच्या कंपनीत सगळ्यांना हार्टचीच भीती बसलीय. आणि फौंड्रीच्या धुळीचं काय करायचं काय?

धन्वंतरी गल्ली

मी डॉक्टर आहे, एमडी मेडिसिन, जास्त लिहायला वेळ नसतो पण ईसीजीचं लिहितो कारण रोज ओपीडीत हाच प्रश्न असतो.

ईसीजी त्या क्षणाला हृदयाची लाईट कशी चाललीय तेवढं दाखवतो. रक्तवाहिनीत ५० टक्के चरबी साठलेली असली तरी आडवं झोपून काढलेला ईसीजी सरळ येऊ शकतो, आणि बरेचदा अटॅक अशाच मध्यम साठलेल्या जागी चरबी फुटून गुठळी झाल्यानं येतो. त्यामुळे काल ईसीजी चांगला आला आणि आज अटॅक आला यात कुणाची चूक नाही. ज्याला काही त्रास नाही, जोखीम कमी आहे, त्याला दर वर्षी ईसीजी, ट्रेडमिल, इको (हार्टची सोनोग्राफी) करत बसायचा फायदा दिसलेला नाही, ट्रेडमिल खोटी पॉझिटिव्ह येऊन अँजिओग्राफीपर्यंत माणूस जातो. हार्टची तपासणी म्हणजे खरं तर बीपी, शुगर, एलडीएल, तंबाखू आणि घरातली हिस्टरी. वडील किंवा भावाला ५५ च्या आत अटॅक आलेला असेल तर ते आवर्जून सांगा, मग तुमचा हिशेब वेगळा होतो.

चालताना, जिना चढताना छाती भरून येते, जबडा किंवा डावा हात दुखतो, थांबलं की कमी होतं, असं काही होत असेल तर मात्र वरचं सगळं विसरा. ते चेकअपचं काम नाही, ती तक्रार आहे, तिला ईसीजी, ट्रेडमिल सगळं लागू शकतं. लोक नेमकं उलटं करतात, काही नसताना ट्रेडमिल आणि छातीत दुखत असताना गॅस म्हणून सोडा पितात. छातीत दुखायला लागलं तर खाजगी शोधत बेळगावपर्यंत गाडी मारत वेळ घालवू नका, जवळच्या तालुका हॉस्पिटलात जा. पुनीत राजकुमारच्या नावानं हृदय ज्योती योजना २०२३ पासनं आहे, तिथं ईसीजी काढून लगेच मोठ्या हॉस्पिटलच्या तज्ज्ञाला पाठवतात आणि अटॅक असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फुकट देतात. ते इंजेक्शन बाहेर हजारोंत जातं, आणि त्यात प्रत्येक मिनिट मोजलं जातं.

फौंड्री: मोल्डिंग, शेकआउट, फेटलिंगला (साचे करणं, ते फोडणं, माल घासून साफ करणं) असाल तर वाळूच्या बारीक धुळीनं सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, तो बरा होत नाही, आणि सिलिका अंगात असली की टीबीचा धोका वाढतो. छातीचा एक्सरे आणि फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मशीन शॉपला असाल तर धुळीपेक्षा कानाचं बघा, ऑडिओमेट्री.

फेटलिंग सेक्शन

डॉक्टरांनी सांगितलेलं कंपनीनंच करून द्यायचं असतंय, हे आपल्या लोकांना माहीतच नाही. कारखाना कायद्यात फौंड्री धोक्याच्या कामात धरली होती, कामाला लावायच्या आधी तपासणी आणि नंतर वर्षाच्या आत एकदा, खर्च मालकाचा. आता नवीन लेबर कोड नोव्हेंबर २०२५ पासनं लागू झालेत, त्यात तर ४० वर्षांवरच्या कामगाराला दर वर्षी फुकट हेल्थ चेकअप लिहिलंय. म्हणजे उद्यमबागवाले तुम्ही ४३ चे, तुम्हाला मिळायलाच पाहिजे.

आमच्याकडं होत होतं काय सांगू, एक व्हॅन येणार, रांगेत उभं करून बीपी, उंची, वजन, सही कर आणि जा. एक्सरेची फिल्म कधी बघायला मिळाली नाही, फिट म्हणून शिक्का मारून फाईलीत. मी एकदा रिपोर्टची झेरॉक्स मागितलो तर ऑफिसातला माझ्याकडं युनियन लीडर आल्यासारखं बघायला लागला. मागून घ्या पण. एक्सरे जुना आणि नवीन शेजारी ठेवला तरच फरक कळतो.

शहापूरची सून

सगळे टेस्टचंच बोलताय, पुरुष तिथंपर्यंत जात का नाहीत ते कोणी बोलत नाही. आमच्याकडं मंडळाचं शिबिर असलं की बायका दहा मिनिटं आधी जाऊन रांगेत बसतात, आणि यांना न्यायचं म्हटलं की माग बंद ठेवून कसं येऊ. पॉवरलूम बंद ठेवली की मजुरी बुडते ते खरं आहे, पण क्रिकेटच्या फायनलला माग बंद असतात ते कसं? सरकारी दवाखान्याची ओपीडी असते ती पण कामाच्याच वेळेत. संध्याकाळी किंवा रविवारी ठेवली तर निम्मे पुरुष येतील असं मला वाटतं.

मी काय केलं सांगते, यांना विचारलंच नाही. सासऱ्यांची बीपीची तपासणी होती तर यांना गाडी घेऊन या म्हणून सांगितलं आणि तिथं सिस्टरना सांगून यांचं पण मोजायला लावलं. १५० च्या वर आलं. चार दिवसांनी परत मोजलं तर परत तेवढंच. आता गोळी चालू आहे, आणि गोळी पण मीच हातावर देते, नाहीतर बरं वाटतंय म्हणून सोडून देतात. बीपीत बरं वाटतंच असतं, म्हणूनच तर ते मोजायचं.

पीएचसीतली अक्का

वहिनी, तुम्हाला आमच्याकडं आशा म्हणून घेऊन टाकते 🙏 खरं सांगते, आमच्याकडं येणाऱ्यात बायकाच जास्त, गडी माणूस आला तर जनावरानं मारलं म्हणून किंवा ताप चढला म्हणून. आला की मी कशासाठी पण आलेला असो, बीपी बघूनच सोडते.

रिटायर्ड मास्तर

उद्यमबागवाले, तुमच्या वडिलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं वय ६६, हायस्कूलला शिक्षक होतो.

प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) पीएसए म्हणून रक्ताची टेस्ट असते, कॅन्सर शोधायला. माझी एका शिबिरात केली, आकडा ४ च्या वर आला. एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर दुसऱ्याच दिवशी बायोप्सीची (तुकडा काढून तपासायची) तारीख द्यायला लागले. माझा एक माजी विद्यार्थी युरॉलॉजिस्ट आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, सर, लघवीला जळजळ होती काय? होती. तर आधी इन्फेक्शनचा कोर्स पूर्ण करा, सहा आठवडे जाऊ देत, मग परत करा. केली, आकडा खाली आला. त्यानं आणखी सांगितलं की टेस्टच्या आधी दोन दिवस सायकल चालवणं आणि, काय म्हणायचं, पती-पत्नीचे संबंध टाळायचे, त्यानं पण आकडा चढतो. आणि प्रोस्टेटची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, म्हणजे २ आला तर तो ४ सारखा धरायचा. ही गोळी घेणारे आमच्या कट्ट्यावरच चौघे आहेत आणि एकाला पण हे माहीत नव्हतं.

त्याचं म्हणणं असं, ही टेस्ट सगळ्यांनी डोळे झाकून करायची नाही. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके हळू वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणानं जातो, पण एकदा आकडा दिसला की बायोप्सी, ऑपरेशन, मग लघवीवरचा ताबा जाणं, असल्या भानगडी मागं लागू शकतात. अमेरिकेत ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवा म्हणतात, ७० नंतर नेहमीची म्हणून करू नका म्हणतात. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झालेला असेल तर मात्र ४०-४५ पासनंच बोलायला लागा. तुमचे वडील ६८ चे, म्हणजे अगदी काठावर, त्यांना रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झालीय असं काही आहे काय विचारा. आमच्या पिढीतला माणूस हे मुलाला सांगत नाही, नातवाला विचारायला सांगा.

जाता जाता, इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीनं भरत असाल तर ८० डी (आरोग्य विम्याची वजावट) मध्ये चेकअपचे ५००० पर्यंत वजा मिळतात, रोख दिलेले पण चालतात, ते विम्याच्या मर्यादेतच धरतात. पावती ठेवा. नवीन पद्धतीत नाही.

निपाणीकर

मास्तरांच्यात भर टाकतो. जन्मभर बिडी ओढलेल्या ६५ ते ७५ च्या पुरुषाची एकदा पोटाची सोनोग्राफी करावी म्हणतात, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे काय बघायला. हा पण अमेरिकेचा सल्ला, आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. पण दुसऱ्या कशासाठी सोनोग्राफी होणारच असेल तर डॉक्टरला तेवढं बघा म्हणून सांगायला काय जातंय.

कॅम्पातला

मास्तर ते दोन दिवस टाळायचं वालं आमच्या मित्रांना फॉरवर्ड केलो 😂 बरं मंडळी, एक सिरियस. महाराष्ट्र सरकारची महात्मा फुले योजना सीमाभागाला लागू झाली म्हणत होते ना, ८६५ गावांना, २०२३ ला. त्यात चेकअप होत नाही काय?

लॅबमधला

त्यावर दोन्ही राज्यांचं राजकारण झालं ते सोड, पण मुळात ती योजना ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. आपल्या इकडची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक पण तशीच. काही निघालं आणि ऑपरेशन लागलं तर त्या कामाला येतात, ओपीडीत बसून बीपी मोजायला कार्ड लागत नाही. कागद लागतो तर आधार तेवढं घेऊन जा.

आणि तू वय किती ते सांगितलं नाहीस, आजोबांचंच सांगितलास.

कॅम्पातला

३८ 😐

पीएचसीतली अक्का

म्हणजे आठ वर्षं उशीर झालाय. या उद्या.

उद्यमबागवाला

ठरलं तर मग. पॅकेज कॅन्सल. लॅबवाल्या भावांनी सांगितलेल्या टेस्ट सोमवारी करतो, फर्स्ट शिफ्टच्या आधी. एक्सरेचं कंपनीत एचआरला लेखी देतो, फेटलिंगवाल्यांनी सांगितल्यासारखं. बाबांचं बीपी, तोंड आणि लघवीचं विचारायला पुढच्या रविवारी गावाकडं जातोय, धाकट्याला घेऊन जातो, तोच विचारेल आजोबांना. शेवटचं एक, सोमवारी उपाशी म्हणजे पूर्ण उपाशी काय, बिनसाखरेचा चहा तरी चालतो काय? सकाळी चहाशिवाय माझा गिअर पडत नाही.

लॅबमधला

नाही चालत, बिनसाखरेचा पण नाही. रात्री नऊला जेवा, मग फक्त पाणी, पाणी भरपूर प्या म्हणजे शिरा लवकर सापडते. बीपी-थायरॉईडची गोळी असेल तर डॉक्टरला विचारून घ्यायची, तुम्हाला काही नाही. आदल्या रात्री दारू नको, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात. शनिवारची पण नको खरं तर, पण तेवढं तुम्ही ऐकणार नाही. आणि तंबाखू पण त्या सकाळी नको, रक्त दिल्यावर लगेच चहा प्या, आमच्या दारातच टपरी आहे.